पाणी उतरलं की दगड दिसतो, माती दिसत नाही

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडं एक काम मागितलंय.

ज्या वर्षी उजनीचं पाणी फारच खाली जातं, त्या वर्षी मे महिन्यात आपल्याकडं एक हंगाम सुरू होतो. ड्रोनचा हंगाम. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं, कुगावचा इनामदार वाडा उघडा पडतो. पुण्या-मुंबईची पोरं येतात, होडीतनं जातात, वरून शूटिंग करतात, मागं बासरी लावतात आणि 'पाण्याखालचं गाव' म्हणून टाकतात. ढिगानं लाइक पडतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बघण्यासारखं आहेच ते. बातमी म्हणून मीही ते करतो, आणि आपल्याच पोरांना त्यामुळं कळतं की या पाण्याखाली कधीतरी माणसं राहत होती.

पण एक गोष्ट नीट बघा. पाणी उतरल्यावर वर काय येतं? मंदिर येतं, कारण ते दगड-चुन्याचं. वाड्याचा तट येतो, कारण तोही दगडाचा. वीरगळ येतात. पांढऱ्या मातीची धाब्याची घरं, कुडाच्या भिंती, छपरं, गोठे, हे सगळं पहिल्या काही पावसाळ्यांतच विरघळून गेलं. म्हणजे ड्रोनला जे गाव दिसतं ते देवाचं आणि इनामदाराचं गाव. बाकीचं गाव दिसत नाही. ते नव्हतं असं नाही, ते मातीचं होतं एवढंच.

ते मातीचं गाव आता फक्त माणसांच्या तोंडात आहे. आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आजची पोस्ट त्याबद्दल.

मी पत्रकार. डिप्लोमा केला, तालुक्याला वार्ताहर म्हणून लागलो, आता चाळिशी ओलांडली. पंचायत समिती, ऊसदर, बिबट्या, पाण्याचं आवर्तन, हे रोजचं काम. त्याशिवाय गेली काही वर्षं मी आणखी एक काम करतोय. त्याचा पगार नाही आणि त्याला नीटसं नावही नाही. इंग्रजीत त्याला 'ओरल हिस्टरी' म्हणतात, मराठीत 'मौखिक इतिहास'. गावात लोक म्हणतात, "तो म्हाताऱ्यांच्या गप्पा टेप करतो." तेच नाव मला बरं वाटतं. धरणाच्या आधी जन्मलेल्या माणसांकडं जायचं, बसायचं, आणि ते जुन्या गावाबद्दल, दुष्काळाबद्दल, गाव सोडल्याबद्दल जे सांगतील ते त्यांच्याच आवाजात साठवायचं. इंदापूर, करमाळा, माढा, दौंड, नगरकडचं कर्जत, पाण्याच्या सगळ्या काठांवर फिरून आजवर साठच्या वर माणसं झाली.

आता तुम्ही म्हणाल, याची गरज काय? धरणाचा सगळा कागद सरकारकडं आहेच की.

आहे. उजनीचं काम १९६०च्या दशकात सुरू झालं, १९८०च्या सुमारास पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. हे सगळं कागदावर आहे. कुणाची किती जमीन गेली, विहीर किती खोल, आंब्याची झाडं किती, घराचे खण किती, त्याचा मोबदला किती, हेही निवाड्यात आहे. मी तसे निवाडे पाहिलेत. बारीक काम आहे, सोपं नाही.

पण निवाडा मालकाला ओळखतो. सातबाऱ्यावर नाव असलं तर तुम्ही आहात. वाटेकरी होता, सालगडी होता, भावाच्या घरात पडवीला राहणारी विधवा बहीण होती, घाटावर कपडे धुणारं परटाचं घर होतं, यांचं काय? त्यांचं काही गेलं नाही, कारण कागदावर त्यांचं काही नव्हतंच. एका भोई समाजाच्या बाबांनी मला सांगितलं, "आमची जमीन म्हंजी नदी." उन्हाळ्यात भीमेचं पात्र आटलं की वाळूत टरबूज, काकड्या लावायच्या, पावसाळ्यात होडी चालवायची, मासे धरायचे. त्या वाळूचा सातबारा नसतो. धरण झालं, वाळू खोल पाण्याखाली गेली, आणि मोबदल्याच्या यादीत बाबांच्या घराचे खण सोडून काही आलं नाही. हे कुठल्या दप्तरात लिहिलंय? माझ्या फोनमध्ये आहे. एक तास चौदा मिनिटं.

राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ साली आला. तोवर उजनीचं काम सुरू होऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्या मधल्या काळात काय झालं, कोण कुठल्या आश्वासनावर उठलं, कुणाच्या बैलगाडीतनं कुणाचं सामान गेलं, हा इतिहास आहे. आणि तो सांगणारा साक्षीदार आज ओट्यावर बसून बिडी ओढतोय.

आता काम कसं चालतं ते सांगतो. यात बातमीपेक्षा सगळं वेगळं असतं.

बातमीत मला उत्तर पाहिजे असतं, तेही लवकर. इथं मला माणूस पाहिजे असतो. "धरणात गाव गेलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" असं विचारलं की समोरचा टीव्हीवर ऐकलेलं सांगतो. "लई वाईट वाटलं," बास. त्याच्या पुढं काही येत नाही. त्याऐवजी साधं विचारायचं. घराचं तोंड कुठल्या दिशेला होतं? पाणी कुठल्या विहिरीचं प्यायचा? नव्या जागी पहिल्या दिवशी चूल कशावर पेटवली? मग माणूस त्या घरात शिरतो आणि आपल्याला हात धरून आत नेतो.

बायकांचं आणखी वेगळं. कुठल्याही घरात जा, आजी एकच वाक्य म्हणते, "मला काय इचारतोस बाळा, ह्यांना इचार." आणि 'हे' शेजारीच बसलेले असतात, ते लगेच सुरू होतात. अशा वेळी मी बाबांचं आधी सगळं ऐकून घेतो, मनापासून. मग दुसऱ्या दिवशी दुपारी, आजी शेंगा फोडायला नाहीतर तांदूळ निवडायला बसलेली असताना जातो. सुपात हात घालून मीही निवडतो. हात कामात असला की तोंड मोकळं होतं.

अशाच एका आजींनी सांगितलेलं. घर मोडलं तेव्हा बाप्यांनी तुळया, दारं, चौकटी काढून गाड्यात भरल्या. त्यांनी स्वतः चुलीची माती खणून पाटीत घेतली. नव्या गावठाणात तीच माती भिजवून पहिली चूल घातली. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "चूल झाली, पर पानी कुठाय? मागं बगावं तर समुद्रावानी पानी, आन् घागर घिऊन दीड कोस जायाचं." धरणानं पाणी दिलं ते कुणाला आणि आधी कुणाचं तोडलं, यावर मी डझनभर लेख वाचलेत. त्या घागरीइतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

ओव्यांचं तर विचारूच नका. ओवी ही गाण्यासाठी केलेली गोष्ट नाही, ती दळणासाठी केलेली आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बाईच्या हाताचे कष्ट गेले, ते बरंच झालं. पण जातं थांबलं आणि ओवीचा रस्ताही बंद झाला. आजींना म्हणावं, एखादी ओवी म्हणा, तर म्हणतात, आठवत नाही. खोटं नाही, खरंच आठवत नाही. एका घरी नातीनं जिन्याखालचं जातं ओढून काढलं, मूठभर ज्वारी आणली. आजींनी खुंट्याला हात घातला, दोन-तीन फेरे नुसतेच फिरवले, आणि मग सुरू झाल्या. भाऊ, माहेर, विठ्ठल, आणि मधेच एकदम धरणाचा साहेब! मोजणीला आलेल्या साहेबावर ओव्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या. सुनेनं पदर तोंडाला लावला. लग्न होऊन तीस वर्षं झाली, तिनं सासूचा हा आवाज कधी ऐकला नव्हता.

हे काम मी शोधून काढलेलं नाही. महाराष्ट्रात याची मोठी परंपरा आहे. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून 'स्त्री जीवन' केलं. सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे खंडच्या खंड काढले. दुर्गाबाई भागवत, रा. चिं. ढेरे ही नावं तुम्हाला माहीत आहेत. मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायकांबरोबर काम सुरू केलं, आणि त्यातनं जात्यावरच्या ओव्यांचा एवढा साठा झाला की लाखाच्या वर ओव्या, हजारावर गावं. आज 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही त्यात आहेत. ऐका कधी. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं त्या बायका राजकारणावर काय बोलत होत्या ते कळेल.

आणि एक पुस्तक आवर्जून सांगतो. 'आम्हीही इतिहास घडवला'. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं, १९८९चं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना या दोघींनी गावोगाव, वस्त्यांवस्त्यांत जाऊन शोधलं आणि बोलतं केलं. चळवळीचा इतिहास तोवर बहुतेक पुरुषांच्या नावानं सांगितला जात होता. बायका सभेला होत्या, तुरुंगात होत्या, वर्गणी गोळा करत होत्या, पण नावं कुणी लिहून ठेवली नव्हती. दोघींनी त्यांना विचारलं, म्हणून ती आज आहेत. विचारणं एवढ्या ताकदीचं काम असतं.

आता एक शंका नेहमी येते, माझे पत्रकार मित्रही विचारतात. म्हातारी माणसं चुकीचं सांगतात, तारखा इकडच्या तिकडं करतात, त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

पहिली गोष्ट, त्यांचं कॅलेंडर वेगळं असतं, ते शिकून घ्यावं लागतं. "बहात्तर सालात", "पानशेत फुटलं त्या साली", "कोयनेचा भूकंप झाला तवा थोरली पोटात व्हती". पानशेत १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ची पहाट. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. या खुंट्या पक्क्या आहेत. आजींची थोरली मुलगी कधी जन्मली, घर कधी मोडलं, हे या खुंट्यांना दोरी बांधून बऱ्यापैकी अचूक काढता येतं. मी आधी त्यांचं ऐकतो, मग शाळेचा दाखला, निवाडा, जुनं वर्तमानपत्र ताडून बघतो. पण त्यांच्यासमोर बसून "नाही आजी, ते शहात्तर नव्हतं" असं म्हणत नाही. तसं म्हटलं की आजी परीक्षेला बसल्यासारख्या गप्प होतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चुकलेली आठवणसुद्धा काही सांगत असते. इटलीत अलेस्सांद्रो पोर्तेल्ली म्हणून अभ्यासक आहेत. तेर्नी नावाच्या कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ साली 'नाटो'विरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मेला. पण गावातले कितीतरी कामगार पोर्तेल्लींना सांगत होते की तो १९५३ साली, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. तारीख चुकीची. पण का चुकली? कारण नोकऱ्या गेल्या ती जखम त्या गावाला सगळ्यात मोठी होती, आणि आपला माणूस त्या लढ्यात मेला असंच गावाच्या मनानं ठरवलं.

आपल्याकडं १९७२च्या दुष्काळाचं असंच आहे. खडी फोडायची कामं, पाझर तलावाची माती, लाल मिलोची भाकरी, पोरांना मिळणारी सुकडी, हे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. पण ऐकता ऐकता लक्षात आलं की काही जण दुष्काळ आणि गाव उठणं एकाच वर्षी झालं असं सांगतात. मध्ये काही वर्षं गेली होती. त्यांच्या मनात ती वर्षं नाहीतच. आधी पाणी नाही म्हणून भूक, मग पाणी आलं म्हणून बेघर. हे एकाच दुःखाचे दोन टोक असल्यासारखं ते धरून ठेवतात. ही चूक मी खोडत नाही. खाली टिपेत खरं वर्ष लिहितो आणि वर त्यांचं सांगणं तसंच ठेवतो.

आणि बहात्तरचं हे बोलणं नुसतं जुनं बोलणं नाही. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातनं, वि. स. पागे यांच्या कल्पनेतनं रोजगार हमी उभी राहिली. १९७७ला तिचा कायदा झाला, आणि पुढं २००५ साली देशानं रोजगाराचा कायदा केला. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांमागं खडी फोडून फुटलेले हात आहेत. त्या हातांची माणसं आज पंचाहत्तरीत आहेत. आणखी दहा वर्षांनी 'मी स्वतः खडी फोडली' असं म्हणणारं कुणी उरणार नाही.

आता एका नकाशाबद्दल सांगतो.

एका गावातले तात्या. जुन्या गावात घरोघर फिरलेले, स्मरणशक्ती कडक. मी त्यांना म्हटलं, तात्या, गाव काढून दाखवा. त्यांनी खडू घेतला आणि ओट्याच्या फरशीवर सुरुवात केली. इथं वेस, इथं मारुती, इथं चावडी, इथून वरची आळी. प्रत्येक घराचं नाव, आडनाव, घरात माणसं किती, बैल किती. दोन तास. दम लागला तेव्हा थांबले, म्हणाले, "खालची आळी पुढल्या आईतवारी." मी फोटो काढला. पुढचा रविवार आला, पण त्या आधीच्या गुरुवारी तात्या गेले. हृदयविकाराचा झटका. नकाशा अर्धा.

तो अर्धा नकाशा मी मोठ्या कागदावर उतरवला आणि त्या गावाच्या नव्या गावठाणात, मारुतीच्या मंदिरात लावला. खाली लिहिलं, 'खालची आळी राहिली आहे. ज्यांना आठवते त्यांनी भर घाला.' पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. कुणाच्या घराचं तोंड चुकलंय, कुणाचा गोठा राहिलाय. मग तात्यांच्या चुलत सुनबाई आल्या, त्याही आता पासष्टीच्या. त्यांनी खालची आळी भरली. पण त्यांनी घरं नाही मांडली, आधी पाणी मांडलं. इथं आड, इथं पाणवठा, इथनं आम्ही जायचो, इथं थांबायचो, इथं सासू दिसायची म्हणून डोकीवरचा पदर. घरं त्या वाटेच्या कडेनं आपोआप बसत गेली.

आणि एक दिवस बौद्धवस्तीतले एक आण्णा आले. बराच वेळ नुसते बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "आमची हीर काढ की. ह्यात आमची हीर कुठंय?" तात्यांच्या अर्ध्यात ती नव्हती, सुनबाईंच्या अर्ध्यातही नव्हती. मुद्दाम गाळली असं नाही. त्यांच्या चालण्याच्या वाटेवर ती कधी आलीच नव्हती. आण्णांनी पेन घेतलं, वेशीच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला एक गोल काढला, त्याच्याभोवती अकरा घरं काढली, आणि प्रत्येक घराला नाव दिलं. एकूण एक नाव.

त्या दिवशी तो नकाशा पुरा झाला. तोवर त्या जागी कागद कोरा होता, आणि कोरं आहे म्हणजे तिथं काही नव्हतं असंच पुढच्या पिढीनं धरलं असतं.

या कामात एक अवघड बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही. माणसं विश्वासानं बोलतात. मोबदल्याचे पैसे कुणी उचलले, कुठल्या भावानं बहिणीची सही कशी घेतली, असलंही बोलतात. एका मावशींनी सगळं सांगून झाल्यावर माझा हात धरला, "भाऊ, हे आत्ता बाहेर नको. मी असेपर्यंत तरी नको." ते रेकॉर्डिंग वेगळं ठेवलंय, त्यावर तसं लिहून ठेवलंय, आणि माझ्या घरातही कुणाला ते ऐकवत नाही. बातमीदार म्हणून त्यात मोठी बातमी आहे हे मला कळतं. पण ती माझी गोष्ट नाही, मावशींची आहे. कुणी किती ऐकायचं हे त्यांनी ठरवायचं.

मागं निवडणुकीच्या धामधुमीत एका इच्छुकाचा माणूस आला. "तुमच्याकडं धरणग्रस्तांचे व्हिडिओ आहेत म्हणं. दोन-तीन रडणारे द्या, साहेबांच्या प्रचाराला टाकू. तुमचंही बघू." मी चहा पाजला आणि नाही म्हटलं. तो म्हणाला, "अहो, त्यांचाच प्रश्न मांडतोय ना आम्ही?" प्रश्न मांडायचा तर त्या माणसाला स्टेजवर बोलवा, माइक द्या, पूर्ण बोलू द्या. त्याच्या रडण्याचे दहा सेकंद कापून घ्यायचे आणि बाकीचा माणूस टाकून द्यायचा, हे मला जमणार नाही. तो माणूस फक्त रडलेला नाही. त्यानं नवीन माळावर केळी उभी केली, पोरं शिकवली, साखर कारखान्याशी भांडला. तेही त्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे.

२१ मे २०२४ला कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटली आणि सहा जीव गेले, तेव्हा सगळे विचारत होते की लोक एवढी जोखीम का घेतात. काठावरची म्हातारी माणसं तेव्हा मला जे सांगत होती ते कुठंच आलं नाही. त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात नदी पायी ओलांडायची. पलीकडं सोयरीक, पलीकडं बाजार, पलीकडं देव. मधे पाणी पसरलं म्हणून नाती तुटत नाहीत, माणसं जातातच. पूल कुठं पाहिजे हे ठरवायचं असेल तर जुने उतार कुठं होते ते या माणसांना विचारा. नकाशावर ते मिळणार नाहीत. म्हणजे बघा, हे काम फक्त भूतकाळाचं नाही.

आता मागणं.

एक, ग्रंथालयांकडं. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७पासून आहे, हजारोंनी मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत, आपल्या तालुक्यातही आहेत. प्रत्येक वाचनालयात एक कपाट, एक हार्ड डिस्क आणि एक नोंदवही एवढंच पाहिजे. कोण बोललं, कुठं, कधी, कुणाला ऐकवायची परवानगी आहे, एवढ्या चार रकान्यांची वही. माझ्याकडचं जेवढं खुलं आहे ते सगळं मी द्यायला तयार आहे. एकाच माणसाच्या फोनमध्ये गावाचा इतिहास असणं बरोबर नाही. फोन पाण्यात पडतो, माणूसही जातो.

दोन, शाळा-कॉलेजांकडं. प्रकल्प म्हणून इंटरनेटवरून ताजमहालाची माहिती चिकटवण्यापेक्षा पोरांना आजोबांकडं पाठवा. एक तास ऐका, दोन पानं लिहा. मार्क द्या.

तीन, तुमच्याकडं. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर या आठवड्यात एक तास काढा. टीव्ही बंद, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये फार येतो. फोन विमान मोडवर टाका, जवळ उशीवर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव बोला, आणि रेकॉर्ड करतोय हे त्यांना स्पष्ट सांगून हो म्हणून घ्या. पहिला प्रश्न साधा विचारा, घराचं तोंड कुठं होतं. मग गप्प बसा. ते थांबले तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. दहा आकडे मोजा. खरं बोलणं बहुतेक वेळा त्या दहा आकड्यांनंतर येतं. मध्ये "मग?" एवढंच म्हणा. शेवटी त्यांना थोडं ऐकवा, आणि यातलं काही कुणाला ऐकवायचं नाही का, ते विचारा. मग लगेच दुसरीकडं एक प्रत करून ठेवा. व्हॉट्सॲपवर ठेवून विसंबू नका, एक दिवस शोधायला जाल आणि सापडणार नाही.

आजीला सून, लेक, नात यांनी विचारलं तर आणखी चांगलं. मला जे सांगत नाहीत ते तुम्हाला सांगतील.

कुणाला वाटेल, आमचं गाव धरणात गेलेलं नाही, आमचा काय संबंध? गिरणीनं जातं थांबवलं ते प्रत्येक गावात. दुष्काळ सगळ्यांनी पाहिला. किल्लारीची ती पहाट आठवणारी माणसं इकडंही आहेत, तिकडंही आहेत. प्रत्येक गावाचं काहीतरी मातीचं विरघळत चाललंय.

ज्यांनी रेकॉर्ड केलं त्यांनी खाली फक्त एवढं लिहा: गावाचं नाव, आणि तुम्हाला आजवर माहीत नसलेली कुठली एक गोष्ट कळली. नावं-गावं खासगी वाटत असतील तर मेसेज करा. नकाशा काढायचा असेल तर मोठे कागद आणि पेन घेऊन मी येतो. रविवारी मोकळा असतो.